बाया कुठं बोटीत होत्या? कोल्हापुरातल्या इतिहास-संशोधकांना खुलं पत्र

शिवाजी विद्यापीठातले आणि कोल्हापूर परिसरातल्या महाविद्यालयांतले इतिहासाचे व मराठीचे प्राध्यापक, तसंच संशोधन करणारे विद्यार्थी यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त शिक्षिका आहे. एकतीस वर्षं कोल्हापुरात मराठी शिकवलं. आम्ही कोकणी मुसलमान. आईकडची माणसं रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची, मासेमारी करणारी. जुन्या कागदांत त्यांचा उल्लेख 'दालदी' असा सापडतो. वडील 1950 च्या दशकात सुक्या मासळीच्या धंद्यासाठी आंबा घाट चढून वर आले आणि इथलेच झाले.

दोन वर्षांपूर्वी एक संशोधक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. मुलगा गुणी होता. चप्पल बाहेर काढून आला, पाणी मागतानासुद्धा 'मॅडम, त्रास देतोय' म्हणाला. हातात छापील प्रश्नावली होती. तिच्यात एक प्रश्न होता, 'समाजाचे मूळ स्थान', आणि पुढं एका ओळीची मोकळी जागा. मी माझ्या नानीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. दोनेक मिनिटांनी त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "मॅडम, थोडक्यात अरबस्तान लिहू का?" मी म्हटलं, लिहा.

पुढं त्याच्या प्रबंधात छापून आलं, 'सदर समाज आपण अरबस्तानातून आलो असे मानतो, मात्र यास लेखी पुरावा नाही.' वाक्य खोटं नाही. पण त्या वाक्याखाली माझ्या नानीची सत्तेचाळीस मिनिटं गाडली गेली आहेत, आणि 'लिहा' म्हणणारी मीच होते. ते वर्षभर मनाला लागून राहिलं. त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्या कागदावर जागाच तेवढी होती. मला बोलायचंय ते त्या जागेबद्दल.

सत्तेचाळीस मिनिटं हे मी अंदाजानं म्हणत नाही. 1986 च्या पावसाळ्यात मामानं कुवेतहून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर मी नानीला बोलतं केलं होतं. कॅसेट अजून माझ्याकडे आहे. तिच्यात कौलांवर पडणारा पाऊस ऐकू येतो, मधेच कोंबडी ओरडते, आणि सारखा एक खर्रखर्र आवाज येत राहतो. ती जाळ्याची सुई. नानी जाळं सांधत बोलत होती. पावसाळ्यात दर्या बंद, होड्या झापांनी शाकारून वर ओढून ठेवलेल्या. घरात करायचं काम म्हणजे फाटलेली जाळी नीट करणं, आणि तोंडाला काम म्हणजे गोष्टी. तिच्या लहानपणी सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढायचे, ती लालसर व्हायची, त्यांचा वास घरभर पसरायचा. नायलॉनची जाळी आली आणि तो वास गेला, एवढं सांगायलाच तिला पाच मिनिटं लागली आहेत.

मग ती गोष्ट. इराकातल्या कुफा शहरात हज्जाज नावाचा एक जालीम सुभेदार होता. तो भल्या माणसांची मुंडकी उडवायचा. आपले वडीलधारे एका रात्री बायकापोरांसकट जहाजात बसले. बरोबर खजुराची पाटी आणि कुराणशरीफ. कित्येक दिवस नुसतं पाणी आणि आभाळ. आमच्या खाडीच्या तोंडाशी आल्यावर तुफान झालं आणि जहाज खडकावर आपटून फुटलं. ओहोटीला तो खडक दिसतो, नानी हात करून दाखवायची. फळ्यांना धरून माणसं रात्रभर पाण्यात. तेव्हा दर्यात वाट चुकलेल्यांना तारणारे, हिरव्या कपड्यातले पीर ख्वाजा खिज्र पाण्यावरून चालत आले, हातात दिवा, आणि त्यांनी दिव्यामागं वाट दाखवली. पहाटे सगळे तिवरांच्या चिखलात येऊन पडले. तिथं एक बाई खडकावरची कालवं फोडत होती. तिनं पाहिलं. ओरडली नाही, पळाली नाही. जवळ येऊन विचारलं, "किती दिस जेवलां नाय?" आणि घरी जाऊन मडक्यातनं पेज घेऊन आली, वर मीठ आणि सुका बोंबील.

इथं मला एक गोष्ट तुमच्या ध्यानात आणून द्यायची आहे, कारण ती एका बैठकीत कळत नाही. ही पेज आणणारी बाई कधी कोळीण असायची, कधी भंडारीण, एकदा तर कुणबीण झालेली मी ऐकली आहे. लहानपणी मला वाटायचं, नानी विसरते. मोठेपणी उमगलं, ओटीवर त्या दिवशी कोण येऊन बसलंय त्यावर ते ठरायचं. शेजारची भंडारीण काकू सुपारी कातरत बसली असेल, तर पेज आणणारी बाई भंडारीण. नानी त्या काकूला गोष्टीत बसवून घ्यायची. चारशे पानांच्या प्रबंधात गावातल्या दोन घरांच्या नात्याबद्दल जे सापडणार नाही, ते त्या एका शब्दाच्या बदलात आहे. आणि प्रश्नावलीत तो बदल 'माहितीतील विसंगती' म्हणून खोडला जातो.

दुसरा बदल याहून मोठा आहे. घरात मामा, नाना, जमातीतले कुणी बुजुर्ग असले की गोष्टीतलं जहाज बायकापोरांसकट निघायचं. बाप्ये उठून नमाजला गेले, चुलीजवळ फक्त बायका उरल्या, की आवाज उतरायचा आणि गोष्ट बदलायची. माझ्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ते आहे. मी विचारतेय, "नानी, मग त्या बायकांचं काय झालं?" सुईचा आवाज थांबतो. नानी म्हणते, "बाप्ये दर्यातनं आले. बाया कुठं बोटीत होत्या? बाया हितल्याच." मागं कुणीतरी हसतं, बहुतेक माझी खाला, म्हणजे मावशी. सुई पुन्हा सुरू होते.

मला विचाराल तर आमच्या समाजाचा इतिहास त्या थांबलेल्या सुईत आहे. पुरुषांसमोर सांगायची गोष्ट वंशाची, अरबी, सय्यदांपर्यंत पोचणारी. बायकांत सांगायची गोष्ट मातीची. दोन्ही एकाच तोंडातून, एकाच दुपारी. एक खरी आणि दुसरी खोटी असं म्हणून चालणार नाही. आमची बोली, आमचा सांदण, आमचं रुखवत, आमच्या आडनावांमागचे 'कर' हे सगळं त्या 'हितल्याच' बायांकडून आलं. नमाजाची रीत आणि होकायंत्राची भाषा बोटीतल्या माणसांकडून आली.

आता कुणी म्हणेल, या पुराणकथा आहेत. आहेतच. पण हा सगळा किनाराच अशा कथा सांगतो. परशुरामानं बाण मारून समुद्र मागं सारला आणि कोकण वर आलं. चित्पावनांच्या कथेत समुद्राकाठी वाहून आलेले चौदा देह परशुरामानं जिवंत केले. बेने इस्रायल सांगतात, नवगावाजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पारशांची गलबतं गुजरातेतल्या संजाणला लागली. मग आमच्याच जहाजाला 'पुरावा दाखवा' का म्हणायचं? शेजारीशेजारी राहणाऱ्या, वेगळ्या देवाला मानणाऱ्या इतक्या समाजांनी 'आम्हाला समुद्रानं दिलं' हीच गोष्ट आपापल्या परीनं का सांगितली असेल, यावर तुमच्यापैकी कुणी काम करावं अशी माझी फार इच्छा आहे. आमची कथा एकटी काढून तपासली की ती बढाई वाटते. या सगळ्यांच्या पंगतीत बसवली की ती कोकणी वाटते.

कागदी पुराव्याचं म्हणाल, तर तोही अगदीच नाही असं नाही. हज्जाज बिन युसूफ खरा माणूस. तो उमय्या खलिफांचा इराकचा सुभेदार होता आणि 714 साली वारला. अल-मसूदी हा प्रवासी 916 च्या सुमारास सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला. तिथं सिराफ, ओमान, बसरा, बगदादहून आलेले दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं त्यानं लिहून ठेवलं. त्यांच्या प्रमुखाला 'हुनरमान' म्हणत, आणि स्थानिक राजानं त्याला त्याच्या लोकांचा न्यायनिवाडा करायचा अधिकार दिला होता. इथंच जन्मलेल्या मुसलमानांसाठी त्यानं 'बयासिरा' असा वेगळा शब्द नोंदवला आहे. इथंच जन्मलेले, म्हणजे कुणाच्या तरी पोटी जन्मलेले. नानीच्या चुलीजवळच्या वाक्याकडे मसूदी असा बाहेरून येऊन पोचतो.

त्यानंतर दहाच वर्षांचा, 926 सालचा, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेला राष्ट्रकूटांचा ताम्रपट. त्यात संजाणचा प्रदेश सांभाळणारा अधिकारी 'ताजिक', म्हणजे अरब, आणि त्याचं नाव संस्कृतात लिहिलंय मधुमती. महंमदाचा मधुमती झाला. तोच ताम्रपट सांगतो की त्यानं नद्यांवर फुकट नाव सुरू केली आणि एक अन्नछत्र घातलं, तिथं तांदूळ, कालवण आणि तूप मिळायचं. देवीच्या मठाला दान देण्याचीही त्यात नोंद आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून तशीच बसून राहिले. आमच्या गोष्टीत उपाशी अरबाला इथली बाई पेज देते आणि ताम्रपटात अरब अधिकारी इथल्या वाटसरूंना भात-कालवण देतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नसेल. पण किनाऱ्यावर परक्या माणसाशी बोलणं जेवणापासून सुरू होतं, हे दोन्हीकडे आहे.

पण मी हे पुरावे नानीच्या गोष्टीला शिक्का मारायला आणलेले नाहीत. मसूदीनं लिहिलं म्हणून आमची नानी खरी ठरते असं नाही. माहीमचे मखदूम अली माहिमी (1372–1431) घ्या. शाफई या सुन्नी मुसलमानांच्या एका पंथाचे मोठे विद्वान, कुराणावर अरबीत भाष्य लिहिलेले. लिखित इतिहासात त्यांना पक्की जागा आहे. आमच्या घरात मात्र ते भाष्यकार म्हणून कुणालाच माहीत नव्हते. आम्हाला माहीत होता तो आईसाठी पाण्याचं भांडं घेऊन रात्रभर उशाशी उभा राहिलेला मुलगा. आईनं पाणी मागितलं, आणून देईपर्यंत तिचा डोळा लागला, तिला उठवायचं कसं म्हणून पोरगा पहाटेपर्यंत तसाच उभा. आणि त्याला शिकवायला समुद्रकाठी खुद्द ख्वाजा खिज्र यायचे. विद्वान माहिमी ग्रंथालयांत आहेत. पाण्याचं भांडं धरलेला मुलगा फक्त आयांच्या तोंडात आहे, आणि त्या आया आता ऐंशी-नव्वदीच्या आहेत.

कोल्हापुरात हे कशाला, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. कोल्हापूर काही समुद्रकाठी नाही.

आपल्या टाऊन हॉल म्युझियममध्ये जाऊन पोसायडनची ती छोटी ब्राँझची मूर्ती पुन्हा एकदा बघा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात जो ठेवा सापडला, त्यातली. समुद्राचा देव, दोन हजार वर्षांपूर्वी घाट चढून पंचगंगेच्या काठावर आलेला. ज्या शिलाहारांच्या एका शाखेनं चौलच्या बंदरावर राज्य केलं, त्यांचीच दुसरी शाखा पन्हाळ्यावर होती. आंबा घाट, फोंडा घाट, गगनबावड्याचा करूळ घाट या वाटांनी खालून मीठ, खोबरं, आमसूल, सुकी मासळी वर आली आणि वरून गूळ, मिरची, चामड्याच्या वहाणा खाली गेल्या. माझे वडील त्याच वाटेनं आले. ट्रकमध्ये बोंबलाच्या आणि सोड्यांच्या गोण्यांवर झोपून रात्रीचा घाट चढायचे, पहाटे मलकापुरात चहा. आमच्या घराला तो वास कायम असायचा आणि शाळेत त्यावरून मी रडलेली आहे.

कोल्हापुरात आल्यावर आम्ही अल्पसंख्याकांतले अल्पसंख्याक झालो. इथले बहुतेक मुसलमान हनफी या दुसऱ्या सुन्नी पंथाचे, आम्ही शाफई. वडील नमाजात रुकूला, म्हणजे कमरेत वाकायला, जाताना हात कानापर्यंत उचलायचे, शेजारचे काका उचलायचे नाहीत. आमच्याकडे असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ आधी लागायची. लहान मूल म्हणून मला हे फरक ठळक कळले ते स्वयंपाकघरात. वडिलांनी रत्नागिरीहून कुर्ल्या आणल्या की आईचा वाटप वाटण्याचा आवाज गल्लीत जायचा. मी शेजारच्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं. तिची आई म्हणाली, "आमच्यात खेकडा चालत नाही गं." मला ते खरंच वाटेना. मुसलमान तेही, मुसलमान आम्हीही. वडिलांनी सांगितलं, शाफई मतात समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल, हनफी मतात फक्त मासा. पुढं वाचलं, की हे शाफई मत येमेन-हद्रमौतच्या बंदरांपासून आपल्या कोकणात, भटकळच्या नवायत मुसलमानांत, मलबारच्या माप्पिला मुसलमानांत आणि थेट मलाया-जावापर्यंत जहाजांच्या वाटेनं पसरलेलं आहे. आमच्या कुर्लीच्या कालवणावर आख्ख्या अरबी समुद्राचा नकाशा आहे. प्रश्नावलीत 'खाद्यसंस्कृती' या रकान्यात मात्र 'प्रामुख्याने मासे व भात' एवढंच येतं.

तरीही इथं परकं वाटलं नाही, हे मनापासून सांगते. शाहू महाराजांनी 1906 साली उभं केलेलं मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे. घाटाखालून शिकायला आलेला माझा चुलतभाऊ त्याच चौकाच्या आसपास वाढला. बाबूजमाल तालमीचे पंजे बघायला आम्ही मोहरममध्ये अख्खी गल्ली मिळून जायचो. माझ्या वडिलांना हे आधी पटायचं नाही, कोकणात त्यांच्या गावी अशी पद्धत नव्हती. नंतर तेच मला खांद्यावर घेऊन गर्दीत उभे राहायचे. वर्गात मी शिवाजी महाराजांच्या आरमाराबद्दल सांगायचे तेव्हा मायनाक भंडारी आणि दौलतखान ही नावं फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. 1679 ला खांदेरीसाठी इंग्रजांशी आणि सिद्दीशी झुंजलेली ही माणसं. दौलतखानाच्या गलबतावरच्या खलाशांनी पावसाळ्यात घरी परतल्यावर आपल्या पोरांना काय सांगितलं असेल, हे मला सारखं वाटतं. ते कुठल्याच बखरीत नाही.

आणि शब्द. तुम्ही मराठी विभागातली माणसं, तुम्हाला हे मी सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण वर्गात हा तास घेताना मुलांचे चेहरे मी पाहिलेत. फळ्यावर लिहायचं, सुकाणू, खलाशी, नाखवा, लंगर, बंदर, जहाज, किनारा, तुफान, जंजिरा, मोसमी. मग विचारायचं, यातले मराठी कोणते? सगळे हात वर. मग सांगायचं, हे सगळे अरबी-फारसीतून दर्यावाटे आलेत. पाऊस यायची वाट बघणारा शिरोळचा शेतकरी 'मोसमी वारे' म्हणतो तेव्हा अरब नाविकांचा 'मौसम' त्याच्या तोंडात असतो, आणि तो शब्द अस्सल मराठीच आहे. एकदा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मग मॅडम, आमचं आडनाव तांडेल, आमचंपण दर्याशी काय तरी असंल की." होतंच. त्याचे आजोबा खाडीतून गगनबावड्यामार्गे आलेले निघाले. तो दुसऱ्या दिवशी आजोबांना विचारून दोन पानं लिहून घेऊन आला. सारंग, तांडेल, नाखवा ही बोटीवरची पदं आता नुसती आडनावं उरली आहेत. पण ज्यांची ती आडनावं, त्यांच्या घरात अजून कुणीतरी बोटीवरचा माणूस आठवणारा आहे.

आता थोडं आमच्या माणसांबद्दलही. सगळा दोष तुमच्या प्रश्नावलीवर टाकणं अन्यायाचं होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्याच काही मंडळींनी समाजाच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायची ठरवली. मी कॅसेटवरून उतरवलेली नानीची गोष्ट हौसेनं पाठवली. छापून आली तेव्हा ती शुद्ध भाषेत आली होती. खिज्रांचा दिवा गेला, कारण तो कुणाला तरी श्रद्धेत बसला नाही. पेज आणणारी बाई गेली. 'बाया हितल्याच' तर अर्थात गेलंच. उरलं ते मदिनेहून आलेल्या थोर पुरुषांची नावं आणि पिढ्या. मी विचारलं तेव्हा मला प्रेमानंच सांगण्यात आलं, "आपा, लोकांत चांगलं दिसलं पाहिजे ना." ज्यांनी ते केलं त्यांना आपल्या नानीची लाज वाटत होती असं मी म्हणणार नाही. त्यांना भीती वाटत होती. आपण बाहेरचे म्हटलं तरी मार, इथलेच म्हटलं तरी कुणाच्या तरी शंका. 2024 च्या जुलैमध्ये विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात मुसलमानांची घरं फुटली. त्यानंतरच्या आठवड्यात माझी खाला फोनवर मला म्हणाली, "आता कोण विचारील तर सांग, काय ठाव नाय." एकोणनव्वद वर्षांची बाई, गोष्टींचं भांडार, आणि ती 'काय ठाव नाय' म्हणते. माझ्या आयुष्यात मला इतकं वाईट फार कमी वेळा वाटलंय.

म्हणून माझं मागणं साधं आहे आणि तातडीचं आहे. ही माणसं आहेत तोवर त्यांचं बोलणं नोंदवा. प्रश्नावली घरी ठेवून या. एक दुपार नाही, चार दुपारी बसा, आणि त्यातली एक तरी पावसाळ्यातली असू दे, कारण दर्या चालू असताना, मासळीच्या दिवसांत, कुणाला बोलायला सवड नसते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा जा. हातात काम असलेल्या माणसाशी बोला, रिकाम्या हातांचा माणूस सभेत बोलल्यासारखं बोलतो. बोली जशी आहे तशी उतरवा, तिचं पुस्तकी मराठी करू नका आणि उर्दूही करू नका. एकीनं दोनदा वेगवेगळं सांगितलं तर दोन्ही ठेवा आणि त्या वेळी ओसरीवर कोण बसलं होतं तेही लिहा. मुलींना पाठवा. चुलीजवळची गोष्ट पुरुषाच्या कानावर कधीच पडणार नाही, हे मी जन्मभराच्या अनुभवानं सांगते.

आणि सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं नाव-गाव छापू नका. आज कुणी विश्वासानं सांगितलेली गोष्ट उद्या त्याच्याच अंगावर येता कामा नये. 'आम्ही अरबस्तानातून आलो' हे नानीच्या तोंडी अभिमानाचं वाक्य होतं, तेच कुणाच्या हातात आरोपपत्र होऊ शकतं. तुम्ही अभ्यासक आहात, तेव्हा ही राखण तुमच्याकडे येते. एक प्रत त्या घरात परत द्या. माझ्या कॅसेटची प्रत भाचीनं मोबाईलमध्ये करून दिली तेव्हा खालाच्या नातवानं पहिल्यांदा पणजीचा आवाज ऐकला. त्यानं विचारलं, हा खर्रखर्र आवाज कसला? त्याच्या घरातली जाळी आता यंत्रानं विणलेली येतात.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी कागदपत्रं जपली जातात, त्याबद्दल मला आदर आहे. तिथं एका कप्प्यात या ध्वनिफिती राहाव्यात. एखादं मोठं केंद्र काढा, निधी मागा, समिती नेमा, असं माझं म्हणणं नाही. समिती नेमेपर्यंत दोन म्हाताऱ्या जातील. एक चांगला रेकॉर्डर आणि ऐकून घ्यायची तयारी असलेल्या दोन मुली एवढ्यावर सुरुवात होते. लेखक आणि समाजसुधारक हमीद दलवाईंचं गाव मिरजोळी, चिपळूणजवळ. तेही मराठीतच लिहायचे. आमची माणसं मराठीत बोलतात, मराठीत भांडतात, मराठीत रडतात. हे साहित्य मराठीच्या दप्तरात नाही तर कुठं जायचं?

माझी कॅसेट मी द्यायला तयार आहे, दोन्ही बाजू. दुसऱ्या बाजूबद्दल नानीला आता विचारता येत नाही, म्हणून खालाला विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दे. माझा हसणा पण तेच्यात हाय ना?"

पुढच्या आगोटीनंतर, म्हणजे पावसाळ्याआधीची लगबग संपल्यावर, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी तिच्याकडे आठ दिवस राहायला जाणार आहे. गाडीत दोघींना जागा आहे. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावरून निघू, मलकापुरात चहा घेऊ, घाट उतरून दुपारच्या जेवणाला खाडीवर पोचू. खालाला मी सांगून ठेवलंय की पाहुण्या येतील. तिनं विचारलं, त्या कुर्ल्या खातात का.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
कोल्हापूर